विशूचे हात

अमेरिका,
१० ऑक्टोबर १९८२

प्रिय भाऊ,
जय भीम.

मी इथे नक्की काय शिकते, असं तुमच्या शाळेतल्या गुणवंतराव गुरुजींनी विचारलं आणि तुला सांगता आलं नाही, हे वाचून मला वाईट वाटलं. दोष माझाच. चार वर्षं झाली, दर पत्रात ‘भाषाशास्त्र’ एवढं लिहून मी मोकळी होते. खरं सांगितलं तर तू हसशील, अशी भीती होती. आज सांगते.

मी एका चिंपांझीला बोलायला शिकवते.

चिंपांझी म्हणजे आपल्या गावातल्या कौलांवर उड्या मारणारं वानर नव्हे. त्याला शेपूट नसते. तो आफ्रिकेतल्या जंगलात राहतो, आणि गोरिला, ओरांगउटान यांच्यासारखाच आपला चुलत नातेवाईक आहे. पन्नास-साठ लाख वर्षांपूर्वी कधीतरी त्याचा आणि आपला पूर्वज एकच होता. मग आपण बोलायला लागलो आणि तो राहिला, असं का झालं? पहिला शब्द कोणी उच्चारला असेल, कशासाठी? या प्रश्नाच्या मागे मी इतक्या लांब आले, भाऊ.

आमच्या चिंपांझीचं नाव जुनो. नऊ वर्षांची मादी आहे. तिच्या घशातून आणि जिभेतून आपल्यासारखे आवाज घडत नाहीत, म्हणून आम्ही तिला हाताच्या खुणा शिकवतो. अंगठा ओठाशी नेला की ‘प्यायला’. दोन्ही हातांची बोटं मिटून टोकाला टोक लावलं की ‘आणखी’. अशा शंभरावर खुणा तिला येतात. सकाळी मी दार उघडलं की ती माझ्याकडे बघून ‘गुदगुल्या, आणखी गुदगुल्या’ असं हातांनी म्हणते. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मी रडले होते.

रुखमावहिनीला आणि विशूला माझी आठवण सांग. मी निघाले तेव्हा विशू जेमतेम दीड वर्षाची होती. आता तोंडाचा पट्टा थांबत नसेल!

तुझी,
सत्यशीला


सावरटोला, मुलचेऱ्याजवळ,
१४ नोव्हेंबर १९८२

प्रिय शीला,
जय भीम.

तुझं पत्र मिळालं. यापुढे पत्त्यावर ‘जिल्हा चंद्रपूर’ लिहू नकोस. ऑगस्टपासून आपला जिल्हा गडचिरोली झाला आहे. पोस्टमन लच्छू जुन्या पत्त्याचीही पत्रं आणून देतो, पण कुरकुरतो.

मी हसलो नाही. उलट तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचतो आहे. काही प्रश्न पडले, ते विचारतो. जुनोला पहिली खूण कशी शिकवली? तिचा हात धरून, की करून दाखवून? जिच्या कानावर शब्दच पडले नाहीत, तिला प्रत्येक वस्तूला नाव असतं हे मुळात कळतं कसं? कोणत्या वयापासून शिकवलं? समजा सहाव्या वर्षी सुरुवात केली, तर फार उशीर झाला असं म्हणायचं का? आणि नुसत्या वस्तूंच्या खुणा, की राग, भीती, उद्या, काल यांच्याही असतात?

शक्य असेल तर वीस-पंचवीस खुणांची चित्रं काढून पाठव. वर्गातल्या मुलांना दाखवीन म्हणतो. त्यांना मजा वाटेल.

विशू मजेत आहे. डोमाची मंगली तिची जिवाभावाची मैत्रीण झाली आहे. डोमाचं घर आपल्या मागेच, गोंडटोल्यात. दोघी दिवसभर नाल्याकाठी असतात. धान कापणीला आलं आहे, त्यामुळे रुखमा शेतात असते.

चित्रं विसरू नकोस.

तुझा भाऊ,
बापूराव


अमेरिका,
८ डिसेंबर १९८२

प्रिय भाऊ,
जय भीम.

तुझे प्रश्न मी आमच्या सरांना वाचून दाखवले. ते म्हणाले, तुझा भाऊ कुठल्या विद्यापीठात शिकवतो? मी सांगितलं, जंगलातल्या दोन खोल्यांच्या शाळेत. मला फार अभिमान वाटला.

जुनोचे हात धरून, बोटं वळवून शिकवलं. दहा महिन्यांची असल्यापासून. ‘काल’ आणि ‘उद्या’ तिला येत नाहीत. सहाव्या वर्षी सुरुवात केली असती तर जमलं असतं का, मला माहीत नाही. चिंपांझी त्या वयात दांडगट होतात.

सोबत चित्रं पाठवते. नाकं वाकडी आली आहेत, हातांकडे बघ.

एक गोष्ट मनाला लागली आहे, ती तुलाच सांगते. सर गेले महिनाभर आमची जुनी चित्रफीत अगदी सावकाश चालवून बघत आहेत. त्यात दिसतं की जुनो बहुतेक वेळा आधी माझे हात बघते आणि मगच खूण करते. म्हणजे ती बोलते, की माझी नक्कल करून केळं मिळवते? सरांचा विश्वास डळमळला आहे. माझाही थोडा. मग ही एवढी वर्षं मी काय केलं?

विशूला म्हणावं, आत्याला आता स्वतःच्या हातानं दोन ओळी लिही.

तुझी,
सत्यशीला


सावरटोला,
१९ जानेवारी १९८३

सत्यशीलाबाई,
जय भीम.

हे पत्र मी लिहून राह्यली, ते तुमच्या भावाले माहीत नाई. मी जसं बोलतो तसंच लिहिलं आहे, सांभाळून घ्या.

विशूले ऐकू येत नाई. तुमी गेल्या, त्याच हिवाळ्यात तिले मेंदूचा ताप आला. पोट्टी वाचली, पन कान गेले. जे चार शब्द बोलत होती तेही गेले. तुमाले कळवलं तर तुमी शिक्षन सोडून वापस यान, म्हनून तुमच्या भावानं मले शपथ घातली. त्यायच्या पत्रातले प्रश्न वर्गासाठी नोयते. विशूसाठी होते.

नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलं होतं का, हिले हातवारे करू देऊ नका, नाईतर ही कधीच बोलनार नाई, ओठ पाहून शिकवा. तवापासून मी रोज तिचा हात माझ्या गळ्यावर ठेवून ‘आई’ म्हनतो. चार वर्सांत तिच्या तोंडून फक्त ‘आ’ निघाला आहे. ती हात हालवाले लागली का मी तिचे हात धरून ठेवतो. मले काय बरं वाटते का?

त्यात तुमचे चित्रं आले. तुमचे भाऊ रोज शाळेतून आले का विशूले घेऊन बसतात. मंग अहेरीच्या बाजारात त्यायनं तिले हातानं विचारलं, पानी पितं का? एका दुकानदारानं विचारलं, हे काय करून राह्यले गुरुजी? तर हे हरखून सांगत बसले का, अमेरिकेत माझी बहीन माकडाले ही बोली शिकवते. मंग काय, सारा बाजार हासला. लहान लहान पोट्टे आमच्या मांगं मांगं ‘माकडाची बोली’ म्हनत बसगाडीपर्यंत आले. विशूले ऐकू आलं नाई. पन तिनं तोंडं पाह्यली ना.

बाई, आपल्या लोकायले आजवर काय काय म्हनलं गेलं ते तुमाले सांगाले नको. आता माझ्या पोरीले माकड म्हनाले कारन आपल्याच घरातून गेलं. तुमी लय शिकल्या, आमाले आनंद आहे. पन माझ्या पोरीले तुमच्या जुनोच्या रांगेत बसवू नका. अन् चित्रं पाठवू नका.

रुखमा


अमेरिका,
१२ फेब्रुवारी १९८३

प्रिय वहिनी,
जय भीम.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी कामावर गेले नाही. विशूचं कळलं नाही याचा राग भाऊवर काढू की माझ्यावर, हेच समजेना. तुझा राग बरोबर आहे. फक्त एक गोष्ट ऐक.

त्या खुणा माकडाच्या नाहीत. त्या माणसांच्या आहेत. इथली बहिरी माणसं आपसात त्या खुणांनी बोलतात. त्यातच भांडतात, लग्न ठरवतात, थट्टा करतात, पोरांना गोष्टी सांगतात. ती पूर्ण भाषा आहे, आपल्या मराठीसारखी. आम्ही त्यातले थोडे शब्द त्यांच्याकडून उसने घेतले आणि जुनोला दिले. भाऊनं बाजारात हे सांगायला हवं होतं. पण त्याला सांगणार कोण? मीच कधी लिहिलं नव्हतं.

ती चित्रं मात्र खरंच ठेवून दे. इथल्या खुणा सावरटोल्यात कोणाला कळणार?

आता तुला एक विचारते. नाही वाटलं तर उत्तर देऊ नकोस. विशू आणि मंगली दिवसभर नाल्याकाठी असतात, असं भाऊनं लिहिलं होतं. त्या दोघी एकमेकींशी बोलतात कशा?

विचारण्याचं कारण सांगते. गेल्या महिन्यात मी जुनोच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या. ‘दे.’ ‘उघड.’ ‘आणखी.’ ‘गुदगुल्या.’ सगळं मागणं. बाहेर बर्फ पडायला लागलं तर मला खिडकीशी ओढून नेऊन ‘बघ, बर्फ’ असं ती एकदाही म्हणाली नाही. काही नको असताना, नुसतं आपल्याला दिसलं ते दुसऱ्यालाही दिसावं म्हणून सांगणं, हे तिच्यात मला सापडत नाही. माणसाचं पोर मात्र धड चालता येण्याआधीच चिमणीकडे बोट करतं आणि वळून आईच्या तोंडाकडे बघतं. मला वाटायला लागलं आहे की भाषेचं मूळ घशात नाही, हातातही नाही. ते त्या वळून बघण्यात आहे. हा माझा अंदाज आहे, सिद्ध काही झालेलं नाही.

विशू मागते, की सांगतेसुद्धा?

तुझी,
सत्यशीला


सावरटोला,
२१ एप्रिल १९८३

सत्यशीलाबाई,
जय भीम.

तुमच्या पत्राचं उत्तर मी देनार नोयती. मी तुमाले कळवलं, ते तुमच्या भावाले आता माहीत आहे. आता देतो.

मोहफुलं पडाले लागली तशी आमी साऱ्या पहाटेच जंगलात जात होतो. त्या दिवशी मी अन् मंगलीची माय एका झाडाखाली वेचत होतो. पोरी नाल्यापलीकडच्या मोठ्या मोहाखाली गेल्या. जराक वेळानं विशू एकटीच धावत आली. पाय काट्यानं फाटले होते. मले धरलं अन् हात हालवाले लागली. सवयीनं मी तिचे हात धरले. बाई, तिनं मले चावा घेतला अन् हात सोडवले. आजवर असं कधी केलं नाई.

मंग मी पाह्यलं. पहिल्यांदाच नीट पाह्यलं.

तिनं गळ्याभोवती बोट फिरवलं. मंगलीच्या गळ्यात मन्यायची माळ असते, तिची ती खून. मंग पानी वाहते तसा हात नेला, म्हनजे नाला. मंग वरून टपटप पडनारे फुलं. मंग बोटं वाकडी केली, खांदे हालवत डोलत चालली अन् नाकानं फुसफुसली. अस्वल! ते आडवं आलं, उभं राह्यलं, मंगलीच्या तोंडावर हात मारला, हे सारं तिनं करून दाखवलं. एकदा अस्वल होऊन, एकदा मंगली होऊन. मंग दूर हात केला, म्हनजे ते गेलं. मंग एक तळहात दुसऱ्यावर आडवा ठेवला. मेली का काय म्हनून मी ओरडलीच. तर तिनं मान हालवली अन् वरचा हात खालीवर केला, श्वास चालते तसा. मंगली पडली आहे, पन जिवंत आहे.

मी मंगलीच्या मायले सांगितलं. डोमा अन् दोघं-तिघं कुऱ्हाडी घेऊन धावले. पोट्टी तिथीच सापडली. बैलगाडीनं मुलचेरा, तिथून वनखात्याच्या जीपनं अहेरी. जबडा मोडला होता. गाल शिवला अन् तोंड पट्टीनं पार बांधून टाकलं.

आता ऐका. दवाखान्यात मंगली डोळ्यानं रडे, पन बोलता येईना. तिची माय गोंडीतून विचारे, डॉक्टर मराठीतून विचारे. ती काय सांगनार? दुसऱ्या दिवशी मी विशूले घेऊन गेली. दोघींचे हात सुरू झाले, बापा! थांबतच नोयते. मी विशूले हातानं विचारलं, काय म्हनते? तिनं सांगितलं का कान दुखते, आत, गालाचं नाई. मी डॉक्टरले सांगितलं. त्यायनं पाह्यलं तर कानात रक्त गोठलं होतं. साफ केलं तशी पोरगी झोपली. डॉक्टर मले म्हने, ह्या दोघी कोनती भाषा बोलतात? मी म्हनलं, त्यायचीच आहे, कोनी शिकवली नाई.

तर बाई, तुमी विचारलं ना. विशू सांगते. आधीपासून सांगत असंन. मीच तिचे हात धरून ठेवले होते.

आता मी एक विचारतो. तुमच्या जुनोले कोनी सोबतीन होती का? का साऱ्या मानसांत ती एकटीच होती?

जूनमंधी विशूले नागपूरच्या बहिऱ्या पोरायच्या शाळेत टाकाचं तुमच्या भावाच्या मनात आहे. तिथी हात हालवू देत नाई म्हनतात. हात मांडीखाली घेऊन बसवतात. मी तर नाईच म्हनलं.

रुखमा


अमेरिका,
१४ मे १९८३

प्रिय वहिनी,
जय भीम.

मंगलीचं तोंड आता कसं आहे, आधी हे कळव.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. जुनो एकटीच होती. आईपासून काढली तेव्हा दहा महिन्यांची, त्यानंतर तिनं दुसरा चिंपांझी पाहिलाच नाही. भाषा दोघांत असते हे आम्ही वर्गात रोज शिकतो, आणि तिला दुसरं कोणीच दिलं नाही. ‘दे’ म्हणण्यापलीकडे तिला आमच्याशी बोलायचं तरी काय होतं? तिला जमलं नाही म्हणून ती बोलली नाही, की सांगावंसं वाटेल असं कोणी नव्हतं म्हणून, हे आता कधीच कळणार नाही. दोन्ही असेल.

आमचं काम बंद झालं. तिला औषधं तपासायच्या प्रयोगशाळेला विकायचं चाललं होतं. आम्ही चौघी विद्यार्थिनी सरांच्या दारात बसून राहिलो, तेव्हा कुठे तिला दक्षिणेतल्या एका फार्मवर पाठवलं. तिथे सात-आठ चिंपांझी आहेत. तिथल्या बाई लिहितात, जुनो पहिले काही दिवस कोपऱ्यात बसून भिंतीकडे तोंड करून खुणा करायची. आता करत नाही. एक म्हातारी मादी तासन् तास तिच्या केसांतून बोटं फिरवते आणि ती डोळे मिटून बसते. वाचून बरं वाटलं आणि रडूही आलं.

सरांशी मी विशूबद्दल बोलले नाही. कळलं तर कॅमेरा घेऊन सावरटोल्याला यायला निघतील. तू हो म्हटल्याशिवाय तिच्यावर मी एक ओळ लिहिणार नाही.

आणि शाळेचं म्हणशील तर, पाठवू नकोस. भाऊला माझं नाव सांग. जी पोर हातांनी एवढं सांगते, तिचे हात मांडीखाली दाबणारी शाळा मला ऐकवत नाही. मंगलीसोबत राहू दे तिला.

तुझी,
सत्यशीला


सावरटोला,
९ जुलै १९८३

सत्यशीलाबाई,
जय भीम.

मंगलीचा जबडा जुळला. तोंड जराक वाकडं राह्यलं, पन बोलते, खाते. डोमा म्हने, पोरगी वाचली, चेहऱ्याचं काय.

तुमी नको म्हनलं, मी बी नको म्हनत होती. विशूले शाळेत टाकलं. रागावू नका, कसं झालं ते सांगतो.

तुमचे भाऊ म्हने, एकदा पाहून तर घे, मंग भांड. मी भांडालेच गेली होती. वर्गात गेलो तर ऐकलं तसंच होतं. पोरं हात बांधून बसली होती. बाई एकेकाच्या गालाले हात लावून ‘प, प’ म्हनत होत्या. विशूनं माझा पदर घट्ट धरला. मी तुमच्या भावाले म्हनलं, चला घरी.

तेवढ्यात सुट्टी झाली. घंटा कोनालेच ऐकू येत नाई, म्हनून एक दिवा लागते. दिवा लागला तशी सारी पोरं मांगच्या आंगनात पळाली, अन् बाई, काय सांगू तुमाले! तीस-चाळीस पोरं, अन् साऱ्यायचे हात एकदमच उडाले. झाडावर पाखरं बसावे अन् एकदम उठावे तसे. कोनी भांडत होतं, कोनी त्या ‘प, प’ वाल्या बाईची नक्कल करत होतं, बाकीचे हासून हासून लोळत होते. शिपाई मुखरूले मी विचारलं, हे चालते का इथी? तो म्हने, वर्गात नाई चालत. पन हे कोनाच्या बापाले थांबते का? मोठी पोरं लहान्यायले शिकवतात. मास्तरले काईच समजत नाई.

मले वाटत होतं का विशूचे हात वाचाले आता मी शिकली. तिथी उभी राह्यली तर मले एक शब्द समजला नाई. अडान्यासारखी पाहत राह्यली. मंगली अन् विशू दोघींची बोली होती. हे तर अख्खं गाव होतं.

विशूनं माझा पदर सोडला. एका दात पडलेल्या पोरीजवळ जाऊन उभी राह्यली. त्या पोरीनं तिले काईतरी विचारलं. विशूले समजलं नाई. पोरीनं तेच पुन्हा सावकाश केलं. मंग विशूनं गळ्याभोवती बोट फिरवलं, नाला केला, फूल पाडलं, अन् अस्वल होऊन डोलाले लागली. हळूहळू पोरं गोळा झाली. अस्वल उभं राह्यलं तवा सारी मांगं सरकली. बाई, आजवर माझ्या पोरीची गोष्ट एवढ्या लोकायनं कधी ऐकली नोयती.

तुमचे भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी त्यायले म्हनलं, नाव घाला.

मंगली लय रडली. रोज दारात येऊन विचारते, कवा येते? तोंडानं नाई विचारत, हातानंच विचारते. म्हनून मी तिच्याशी हातानंच बोलतो, नाईतर माझी सवय तुटून जाईल. आता डोमाची बायको बी चार खुना कराले लागली. अन् बाई, तुमाले लिहाचं असंन तर लिहा. पन आधी स्वतः या अन् तिले विचारा.

निघताना विशू धावत आली. माझ्यासमोर उभी राहून दोन्ही हातानं काईतरी केलं. नवीनच होतं, तिथीच शिकलेलं. माझ्या तोंडाकडे पाह्यलं, हासली, अन् मी काई विचारायच्या आत आंगनात पळून गेली.

काय म्हनली ते मले अजून समजलं नाई. दिवाळीत घरी आली का शिकवून घेईन.

रुखमा